अंबर एल, मोहाचा सडवा आणि कलम ६५

मागच्या शनिवारी पुण्यातल्या एका टॅपरूममध्ये 'लोकल क्राफ्ट अंबर एल' प्यायलो. बिअर झकास होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना "याला बिअर कळत नाही म्हणून बोंबलतोय" असं कुणीतरी म्हणणारच. रंग घासलेल्या तांब्याच्या लोट्यासारखा. वर बोटभर फेस, आणि तो शेवटपर्यंत टिकला. पहिल्या घोटाला चिक्कीचा पाक थोडा जास्त तापला की जी चव येते ती, मग पोळीची करपट कड, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे हॉप्सचा कडूपणा, किंचित संत्र्याच्या सालीसारखा. गोड आणि कडू यांचं भांडण लावून द्यायचं पण कुणालाच जिंकू द्यायचं नाही, अशी ही अंबर एलची सगळी गंमत. ३३० मिली, साडेपाच टक्के. पैसे वसूल.

खटकला तो मेनूकार्डावरचा 'लोकल' हा शब्द. तो तिथे चार वेळा होता, मोजला मी.

काउंटरवरच्या पोराला विचारलं, बाबा रे, यात लोकल काय आहे? पोरगा हुशार होता, मालाची माहिती होती त्याला. रंग आणि पाकाची चव देणारा कॅरॅमल माल्ट जर्मनीचा. हॉप्स अमेरिकेचे. यीस्टची पाकिटं युरोपातून येतात. मग पाणी तरी? तर पाणी आरओचं. म्हणजे खडकवासल्याच्या पाण्यातले आपले क्षार काढून टाकायचे आणि रेसिपीला लागतील तेवढे दुसरे क्षार परत घालायचे. "पण सर, ब्रूइंग इथेच होतं ना," तो म्हणाला. बरोबर आहे. आमच्या ऑफिसातही कोड इथेच लिहिला जातो, म्हणून त्याला कुणी पुणेरी सॉफ्टवेअर म्हणत नाही.

यात त्या टॅपरूमचा दोष काडीचा नाही. हॉप्सच्या वेलीला उन्हाळ्यात लांबच लांब दिवस लागतात, आपल्या अक्षांशावर ती धड फुलत नाही. भारतात हॉप्स लावायचे प्रयोग झाले ते लाहौलसारख्या हिमालयातल्या खोऱ्यांत. बाहेरून माल आणून कुणी मन लावून चांगली बिअर बनवत असेल तर त्याला माझा सलाम आणि पुढच्या शनिवारचे पैसेही. माझं भांडण आहे ते आपल्याशी, म्हणजे 'लोकल'वर फिदा होणाऱ्या आपल्या पंचवीस ते पस्तीसच्या पब्लिकशी, आणि आपल्या महान राज्याच्या दारूविषयक कायद्याशी.

कारण मी केळापूर तालुक्यातला आहे.

बहुतेकांना हे कुठे आहे ते ठाऊक नसतं, त्यामुळे दोन ओळी भूगोल. जिल्हा यवतमाळ. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हायवेवर, पूर्वीचा सात नंबर आणि आताचा चव्वेचाळीस, तेलंगणात शिरायच्या आधी पांढरकवडा लागतं. तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्याला. केळापूर हे शेजारचं छोटंसं गाव, जगदंबेचं देऊळ तिथे, नवरात्रात गर्दी उसळते. म्हणजे नाव एकाचं आणि कारभार दुसऱ्याचा, याची आम्हाला लहानपणापासून सवय आहे. :) वाघांमुळे कुणाला टिपेश्वर ठाऊक असतं. २०१८ मध्ये गोळी घातलेली अवनी वाघीण आठवत असेल तर तीही आमच्याच बाजूची. बाकी कापूस आहे, कर्ज आहे, आणि ज्या बातम्यांसाठी आमचा जिल्हा देशभर ओळखला जातो त्या आहेत. आणि जंगलाच्या कडेकडेने गोंड वस्त्या आणि कोलामांचे पोड.

या तालुक्याची 'लोकल क्राफ्ट' दारू आहे. कित्येक पिढ्या जुनी आहे. मोहाची.

आता क्राफ्टची व्याख्या काय सांगतात हो आपल्याला? छोटी बॅच, हाताने केलेली, जवळचा कच्चा माल, बनवणाऱ्याचा चेहरा ओळखीचा, प्रत्येक खेपेला चव जराशी वेगळी. तर ऐका. मार्च-एप्रिलमध्ये मोहाचं झाड पानं टाकून जवळजवळ उघडं होतं आणि रात्री-पहाटे फुलं गळायला लागतात. जाड, रसरशीत, पिवळट पांढरी. बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जातात, कारण ऊन चढलं की फूल सुकतं, आणि त्याआधी जनावरं खातात ती वेगळीच. अस्वलाला मोह आपल्याहून जास्त आवडतो. फुलं अंगणात वाळत घातली की चारपाच दिवसांत मनुकांसारखी होतात. वजनाच्या निम्म्याहून अधिक नुसती साखर. ही वाळलेली फुलं पाण्यात भिजवून काही दिवस ठेवली की फसफसतात, तो सडवा. मग चुलीवर भांडं, त्यावर भांडं, सांधे मातीने किंवा ओल्या फडक्याने बंद, वर गार पाणी, आणि नळीतून थेंब थेंब पडते ती पहिली धार. जर्मनीचा माल्ट लागत नाही. यीस्टचं पाकीट लागत नाही, ते फुलावर आणि माठातच असतं. मोहाचं झाड कुणी लावतही नाही, ते असतंच. आजोबांच्या आजोबांनी तोडलं नाही एवढंच.

चव? वास आधी येतो, आणि पहिल्यांदा बिचकवतो. ओलं गोणपाट, मनुका आणि मागे धूर. घोट उतरताना गरम, नंतर बराच वेळ तोंडात फुलासारखं काहीतरी रेंगाळत राहतं. कुठे आणि कधी प्यायलो ते विचारू नका. कलम आहे.

तर कलम. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. नावातलं मुंबई जाऊन आता महाराष्ट्र झालं, बाकी गाडं तेच. या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दारूबंदी हा नियम आहे आणि तुम्ही-आम्ही पितो तो अपवाद. मी शनिवारी अंबर एल प्यायलो ती कायदेशीर व्हायला खिशात परवाना हवा. एक दिवसाचा पाच रुपये, आयुष्यभराचा हजार रुपये. देशीसाठी दिवसाचे दोन रुपये. तुमच्यापैकी किती जणांकडे आहे? बारवाला नावापुरता परवान्यांचा गठ्ठा ठेवतो, कुणी विचारत नाही, कुणी पाहत नाही. म्हणजे हिंजवडीतला इंजिनिअर आणि पोडावरची मावशी हे दोघेही एकाच कायद्याच्या बाहेर आहेत. फरक इतकाच की माझ्याकडे कोणी येत नाही.

तिच्याकडे येतात. आमच्या भागातला पेपर उघडा. आत कुठेतरी एक ठरलेली बातमी असते: इतके लिटर मोहा सडवा नष्ट, इतक्या रुपयांचा मुद्देमाल जप्त, कलम ६५ खाली गुन्हा दाखल. वाक्यरचना इतकी पक्की की बाराव्या वर्षीच मला पाठ होती. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, काही वर्षं एका पोडाजवळच्या शाळेत होते, सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. तिथली एक मावशी मला अजून ओळखते. दोन वर्षांमागे दिवाळीला गेलो तेव्हा तिच्याकडे धाड पडून आठवडा झाला होता. माठ फोडलेला, जर्मनची गुंडी नेलेली. सडवा अंगणात ओतला होता त्याचा वास अजून होता. ती रडत वगैरे नव्हती. मला म्हणाली, "काऊन रे बापू, तिकडं पुण्यात मोठमोठ्या टाक्यात दारू गाळते म्हंते, काचंतून दिसते म्हंते लोकायले. मंग आमचाच माठ काऊन फोडते?" टाकीत गाळत नाहीत, नुसती आंबवतात, हा तांत्रिक फरक मी तिला सांगितला नाही. प्रश्न बरोबर होता.

आणि २०२१ पासून तर या प्रकरणाला एक भन्नाट वळण आहे. त्या वर्षी राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधनं उठवली. चांगलाच निर्णय. वनहक्क कायदा २००६ चा आणि पेसा १९९६ चा, दोन्ही सांगतात की गौण वनउपजावर गावाची मालकी. म्हणजे फूल तिचं. पोतं तिचं. पोतं घेऊन नागपूरच्या व्यापाऱ्याला विकलं तरी कुणी अडवणार नाही. तेच फूल पाण्यात पडलं आणि चार दिवस झाले की मात्र ती गुन्हेगार. पोत्यात असेतो वनउपज, माठात पडलं की मुद्देमाल.

बरं, हा मोहाचा राग आपल्या संस्कृतीतून वगैरे आलाय असं कुणाला वाटत असेल तर तेही तपासून घ्या. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८७८ ला अबकारी कायदा आणला आणि १८९२ ला खास मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा केला. फुलं बाळगण्यावरच बंधन. कारण सोपं होतं. घरोघरी भट्टी असेल तर कर कुणाकडून घेणार? दारू मोठ्या कारखान्यात गाळली जावी, ठेकेदाराच्या दुकानातून विकली जावी आणि पैसा तिजोरीत यावा. माणसं प्यायची थांबावीत हा हेतू नव्हताच, सरकारी दारू प्यावी हा होता. आमचा वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, पण पुढे राज्यं जुळली आणि मुंबईचा कायदा आमच्याही गळ्यात आला. गांधीवादी नावाखाली इंग्रजांचा अबकारी हिशेब, असं हे रसायन आहे.

आता जरा अंबर एलकडे परत येऊ, कारण खरा धडा तिच्याच जन्मात आहे आणि तो आपल्या टॅपरूमच्या मेनूवर कुणी छापत नाही.

अंबर एल ही काही शेकडो वर्षांची परंपरा नाही. ही चीज १९८० च्या दशकातल्या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची. इंग्लिश पेल एलचीच भाचरं, पण तिकडचे हॉप्स आणि जरा जास्त कॅरॅमल माल्ट. नाव म्हणजे नुसता रंग. गिऱ्हाईक विचारायचं कशी आहे, तर सांगायला सोपं. आणि ती शक्य झाली ती कायद्यामुळे. १९३३ ला अमेरिकेची दारूबंदी उठली तेव्हा घरी स्वतःपुरती वाइन करायला सूट मिळाली, बिअर मात्र राहून गेली. पंचेचाळीस वर्षं हा बग प्रॉडक्शनमध्ये तसाच! १९७८ ला जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरी बिअर बनवणं देशाच्या पातळीवर कायदेशीर झालं. गॅरेजमध्ये हात बसलेली हीच माणसं पुढे धंद्यात उतरली. तिकडे कॅलिफोर्नियाने बारमध्येच बिअर बनवून तिथेच विकायला परवानगी दिली आणि १९८३ ला हॉपलँड नावाच्या खेड्यात मेंडोसिनो ब्रूइंग कंपनीने आपला ब्रूपब उघडला. १९७६ ला सुरू होऊन १९८२ ला बंद पडलेल्या न्यू अल्बियन नावाच्या छोट्या ब्रूअरीची भांडी आणि यीस्टसुद्धा त्यांनीच घेतलं. त्यांची 'रेड टेल एल' ही अंबर. पुढे १९९१ ला कोलोरॅडोत न्यू बेल्जियमची 'फॅट टायर' आली आणि अंबर देशभर झाली. म्हणजे आज मी पुण्यात जो तांबूस ग्लास उजेडात धरून कौतुकाने बघतो, त्याच्या मुळाशी एक सरकारी निर्णय आहे: छोट्या माणसाला स्वतःचं भांडं चुलीवर ठेवू द्या.

महाराष्ट्रातही तेच झालं. छोट्या ब्रूअरीसाठी वेगळा परवाना निघाला म्हणून २००९ ला पुण्यातल्या एका हॉटेलात डूलाली सुरू झाली, आणि मग बाकीच्यांची रांग लागली. (डूलाली हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरायची, त्यावरून इंग्रजीत वेडं होण्याला तो शब्द पडला. असो.) सरकारला एका रात्रीत कळलं की बिअर म्हणजे फक्त मोठ्या कंपनीच्या बाटलीतली नव्हे, हजार लिटरच्या टाकीतलीही असू शकते. टाकीचे नियम ठरले, फी ठरली, तपासणी ठरली. कुणी टाक्या फोडायला गेलं नाही.

मग माठाचे नियम का नाही ठरत?

याला दोन उत्तरं मिळतात. पहिलं: हातभट्टी विषारी असते, माणसं मरतात. मालवणी विसरलास का? नाही विसरलो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली. पण ती मेली कारखान्यातल्या मिथेनॉलने. कुणीतरी ते चोरून आणलं, पाण्यात घातलं आणि दारू म्हणून विकलं. फुलाने कुणाला मारलं नाही. मोहात नवसागर, युरिया आणि देवाला ठाऊक काय काय घालणारे लोक आहेत, खरं आहे, मीही ऐकलंय. पण ते घालतात का? धाडीच्या भीतीने सडवा आठवडाभर ठेवता येत नाही, दोन दिवसांत उरकायचा असतो, आणि पिणाऱ्याला तक्रार करायला जागा नसते. ज्या वस्तूचं अस्तित्वच गुन्हा आहे तिची तपासणी कोण करणार? टेस्टिंगसाठी बिल्डच देत नाही आणि वर क्वालिटी खराब म्हणून ओरडा! एक साधा अल्कोहोल मीटर, महिन्यातून एक नमुना प्रयोगशाळेत. यापलीकडे रॉकेट सायन्स नाही.

दुसरं उत्तर जड आहे, आणि ते देणाऱ्यांसमोर मी आवाज चढवणार नाही. आमच्या जिल्ह्यात बायकांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढलेत. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. या बायका काही टाइमपास म्हणून उन्हात उभ्या राहत नाहीत. माझ्या वर्गातल्या दोन पोरांचे बाप दारूने गेले. एकाच्या आईने नंतर कापूस वेचून त्याला डिप्लोमा केलं. तिला जाऊन मी 'हेरिटेज' आणि 'फ्लेवर प्रोफाइल' सांगू का?

पण त्या दोघांचे बाप काय पीत होते ते मला माहीत आहे. सरकारमान्य देशीच्या दुकानातला पव्वा. परवाना भिंतीवर टांगलेल्या दुकानातला. आणि ती देशी कशाची? उसाच्या मळीची. जो ऊस आमच्या कोरडवाहू तालुक्यात कापसाच्या मानाने नावापुरता. म्हणजे कारखाना एकीकडे, त्याची मळी, तिचा स्पिरिट, त्यावरचा कर मुंबईला, आणि रिकामे पव्वे आमच्या नाल्यात. चंद्रपूर कोरडं होतं त्या सहा वर्षांत आमच्याच जिल्ह्यातल्या वणीकडच्या बारना काय बरकत आली होती ते तिकडच्या कुणालाही विचारा. मोहाने घरं मोडत नाहीत असं मी म्हणत नाही. मोडतात. साडेपाच टक्क्यांचा ३३० मिली ग्लास आणि तीस टक्क्यांची धरली तर ६० मिली मोहाची, दोन्हींत शुद्ध अल्कोहोल अठरा मिलीच्या आसपास. लिव्हरला परवाना वाचता येत नाही. मुद्दा असा की बंद करायचं असेल तर पव्वाही बंद करा आणि माझी अंबरही. ते मी समजू शकतो, कुरकुरेन पण समजू शकतो. फक्त माठ फोडायचा आणि त्याला दारूबंदी म्हणायचं, हे नाही चालणार.

आणि आदिवासींना स्वतःचं भलं कळत नाही हा जो सूर आपल्याकडे असतो ना, त्यांनी १९२२ बघावं. दक्षिण गुजरातेत देवीची चळवळ उभी राहिली, आदिवासींनी स्वतःहून दारू-ताडी सोडली, आणि त्यात निशाणा होता दारूच्या ठेकेदारांवर. कुणी वरून बंदी घातली नव्हती. १९७५ ला तर केंद्र सरकारनेच आदिवासी भागांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली होती की या भागात दारूची धंदेवाईक दुकानं बंद करा आणि आदिवासींना घरापुरती परंपरागत दारू काढू द्या. आपण काय केलं? बरोबर उलटं. दुकान ठेवलं, माठ फोडला.

पिकाला जात असते की काय कळत नाही. नाशिकच्या द्राक्षाला २००१ ला वाइन धोरण मिळालं, कर माफ झाला. २०२२ ला सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हेच, असं सांगणारे नेतेही आपण पाहिले. (तो निर्णय पुढे बारगळला, पण युक्तिवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे.) ज्वारीसारख्या धान्याची दारू करायला कारखान्यांना सवलती मिळाल्या. आणि २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवाकोरा वर्ग तयार केला. खास आपल्या राज्यात, आपल्या उत्पादकांनी बनवलेली धान्याची दारू. म्हटलं आता तरी! वाचलं तर धान्य आहे, डिस्टिलरी आहे, १८० मिलीची किमान किंमत १४८ रुपये ठरलेली आहे. फूल कुठेच नाही. महाराष्ट्रात याहून जास्त मेड काय असतं ते मला समजावून सांगा.

शेजारी बघावं तर गोव्याने काजूच्या फेणीला २००९ ला जीआय टॅग मिळवला आणि २०१६ ला तिला राज्याचा वारसा म्हणून कायद्यात जागा दिली. काल-परवापर्यंत फेणीलाही देशीच समजत होते. मध्य प्रदेशाने २०२२ पासून मोहाच्या दारूला हेरिटेज मद्य म्हणून धोरणात आणलं, तिथले आदिवासी बचत गट ती बनवतात. छत्तीसगडात आदिवासी घराला स्वतःपुरती मुभा आहे. आणि आमच्या पैनगंगेपलीकडे, तासाभरावर आदिलाबादला, ताडी काढणाऱ्यांना सरकारी परवाने आहेत, त्यांच्या सोसायट्या आहेत. नदीच्या अलीकडे गुन्हा आणि पलीकडे सोसायटी, पाणी तेच.

एक धोका मात्र मला दिसतो आणि तो आपल्याच पब्लिककडून आहे. उद्या मोह कायदेशीर झाला तर सहा महिन्यांत कोरेगाव पार्कात दोन हजाराची बाटली येईल. लेबलवर वारली चित्र (कोलामांच्या दारूवर वारली, कारण आपल्याला तेवढंच माहीत), पाठीमागे 'जंगलाचा आत्मा' वगैरे मजकूर, आणि पोडावरच्या बाईला फुलाचा व्यापारी देईल तोच भाव. फूल पुरवणारी ती, दारू गाळणारे आपण. असलं काही होणार असेल तर आहे ते बरं म्हणायची पाळी येईल. म्हणून परवाना कुणाला, हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

आणि त्याचंही उत्तर नव्याने शोधायला नको. केळापूर तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे पेसा लागू. त्या कायद्यात ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालायचा किंवा त्यांची विक्री आणि सेवन यांचं नियमन करायचा अधिकार आहे. 'किंवा' हा शब्द वाचा. राज्याचे नियमही २०१४ ला झाले. म्हणजे ज्या पोडावरच्या बायका म्हणतील नको, तिथे नको, मग देशीचा पव्वाही नको. आडव्या बाटलीला मत देऊन दुकानं बंद पाडणाऱ्या बायका या राज्याने पाहिल्यात, त्यांना मत कसं द्यायचं ते शिकवायला नको. आणि जिथे म्हणतील हो, तिथे परवाना ग्रामसभेच्या नावाने, गाळणारा बायकांचा गट, फूल त्याच शिवारातलं, महिन्याची लिटरची मर्यादा, नमुन्याची तपासणी सरकारच्या खर्चाने, फी मायक्रोब्रूअरीसारखी लाखात नाही तर दुकानाच्या लायसनइतकी. घरातल्या बारशाला, मर्तिकाला, देवाला लागते तेवढीला परवानाच नको. बाटलीबंद करून शहरात विकायची असेल तर नाव गावाचं आणि ब्रँडचा हक्क ग्रामसभेचा. कंपनीला हवी असेल तर तिने विकत घ्यावी, आपल्या अंबर एलसाठी जर्मनीचा माल्ट घेतो तशी, मागतील त्या भावाने.

याच्या ठरावाचा मसुदा मी दोन रविवार बसून केलाय. दीड पान झालं, मराठीत आहे, कोलामीत करून द्यायला बाबांच्या शाळेतला एक जुना विद्यार्थी तयार आहे. गावाकडच्या दोन ग्रामसभांत तो मांडायचा आहे, फुलं गळायला लागायच्या आधी. मंजूर होईलच असं नाही, एका पोडावरच्या बायकांनी ऐकल्याबरोबर नको म्हणून सांगितलंय आणि तिथे तो विषय संपला. पण ग्रामसभेच्या परवान्याची १९४९ च्या कायद्यातल्या कुठल्या कलमाशी टक्कर होते ते मला एकट्याला नीट लागत नाहीये. वाचणाऱ्यांपैकी कुणी वकील असेल, उत्पादन शुल्क विभागात नोकरीला असेल किंवा गडचिरोलीकडे ग्रामसभांबरोबर काम केलेलं असेल, तर मसुदा मागवा आणि लाल शाईने भरून परत पाठवा. पुढच्या शनिवारची बिअर माझ्याकडून.